गॅरेजकाकांना विचारा : १५२३ सीसीची गाडी कुठली?

प्रश्न : काका, आमच्या आजोबांची १९५७ची डुक्कर फियाट गंगापूर रोडच्या घरी, ते गेल्यापासून नुसती उभी आहे. इंजिन जाम झालंय. अंबड लिंक रोडवरच्या एका भंगारवाल्याकडे ‘ताई, फियाटचंच आहे, डोळे मिटून घ्या’ असं म्हणत एक पेट्रोल इंजिन बावीस हजारांना मिळतंय. ब्लॉकवरचा नंबर घासलेला आहे. मी त्याला हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढायला लावलं. व्हर्निअरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३.८ मिमी भरला. पिस्टन तळापासून वरपर्यंत ८९ मिमी सरकतो. हिशोब केला तर १५२३ सीसी येतात, आणि एवढ्या सीसीची गाडीच सापडेना. पिस्टनच्या डोक्यावर ०३० ठोकलंय. तो मॉडेल नंबर का? इंजिन घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हेड काढायला लावलंत हे झकास केलंत. बहुतेक जण रंग मारलेलं टॅपेट कव्हर बघूनच पैसे मोजतात.

हिशोबही बरोबर आहे. फक्त तो आजच्या इंजिनाचा आहे, कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा नाही. ०३० म्हणजे तीस थाऊ, इंचाचे हजारांश. सिलिंडर झिजले म्हणून कुणीतरी बोअर मारून मोठे केले आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकले, त्याची ही खूण. तीस थाऊ म्हणजे ०.७६ मिमी. तुमच्या ७३.८ मधून वजा करा, ७३.०४ उरतात. आता अँबॅसडरचा मूळ बोअर बघा : ७३.०२५. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची सरक, ८८.९. सीसी १४८९. सापडली की नाही गाडी?

जुनं इंजिन ओळखायचं तर आधी स्ट्रोक बघावा. बोअर दर रिबोअरला वाढतो, स्ट्रोक ठरवणारी क्रँकची फेक सहसा कुणी बदलत नाही. तुमच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५. म्हणजे चौदा मिमीचा फरक. एवढा फरक कुठलाही बोअरिंगवाला भरून काढणार नाही आणि भंगारवाल्याची शपथही.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा जाऊन या. खिशात एक मॅग्नेट आणि १३ व १४ नंबरचे पाने न्या. फियाटचं हेड अॅल्युमिनियमचं, त्याला मॅग्नेट चिकटत नाही. या इंजिनाच्या हेडला चिकटेल, ते बिडाचं आहे. मग पाने लावा. फियाट मेट्रिक, अँबॅसडर इंची. अर्ध्या इंचाच्या डोक्याच्या बोल्टवर १३चा पाना बसतो पण खेळतो, आणि नऊ-सोळांशाच्या बोल्टवर १४चा चढतच नाही. (असल्या बोल्टवर १३चाच पाना रेटून डोकी गोल करणारे मेकॅनिक गावोगाव आहेत. त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.) शिवाय हेडच्या मॅनिफोल्डकडच्या बाजूची भोकं मोजा. दोन इनलेट आणि तीन एक्झॉस्ट, एकूण पाच निघाली की बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजवर, म्हणजे अँबॅसडरच्या इंजिनावर, शिक्कामोर्तब. फक्त एवढं लक्षात घ्या की पहिल्या काँटेसा गाडीलाही हेच १४८९ सीसीचं इंजिन बसवत. त्यामुळे ते कुठल्या गाडीतून उतरलं हे मापावरून कळणार नाही. अँबॅसडरच्या डिझेलचा बोअर-स्ट्रोकही अगदी हाच, पण तुम्ही पेट्रोल म्हणताय, म्हणजे प्लग पाहिले असतीलच.

आता घ्यायचं का? नाही. अँबॅसडरवाल्यांनीही घेऊ नये, कारण नंबर घासलेला आहे. गंजून पुसट झालेला नंबर वेगळा दिसतो. ग्राइंडरच्या समांतर रेघा दिसल्या की तिथून निघायचं. असल्या इंजिनाचं पेठ रोडच्या आरटीओत काय सांगणार? इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. डुक्कर फियाटमध्ये अँबॅसडरचं इंजिन बसवून ही अट कशी पाळणार? अर्थात व्हीए नंबरवर गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. ते चालणार असेल तरच त्या वाटेला जा.

आजोबांचंच इंजिन उघडा. नुसतं उभं राहून जाम झालेलं इंजिन मेलेलं नसतं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. प्लग काढा, चारही भोकांत डिझेल आणि ऑइल मिसळून ओता, आठवडाभर मुरू द्या. मग क्रँकच्या नटाला पाना लावून हळूहळू मागेपुढे. गिअरमध्ये टाकून गाडी ओढू नका, रिंगा तुटतील. नाहीच सुटलं तर हेड उतरवा. सिलिंडर फार खराब निघाले तर आतून स्लीव्ह (नव्या नळ्या) बसतात आणि ब्लॉकवरचा नंबर आहे तसा राहतो. पद्मिनीही १०८९ सीसीचीच, तोच बोअर आणि तोच स्ट्रोक. त्यामुळे पिस्टन-रिंगांसाठी तिच्या सामानापासून शोध सुरू करा, मात्र जुना पिस्टन सोबत न्या आणि पिनची जाडी व पिस्टनची उंची जुळवूनच घ्या.

प्रश्न : आमच्या जुन्या पेट्रोल जीपचं वरचं कव्हर उघडलं तर आत चारच वॉल्व्ह दिसतात. बाकीचे चार कुणी काढून घेतले का?
– एक शेतकरी, सिन्नर

उत्तर : कुणी नेले नाहीत. तुमचं हरिकेन इंजिन आहे. त्याचे इनलेट वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. ब्लॉकच्या कुशीला झाकण आहे, ते उघडा, चारही तिथेच भेटतील. टॅपेट लावताना (वॉल्व्हची फट जुळवताना) दोन्हीकडचे लावायचे असतात, वरचे लावून थांबू नका. आणि जीपच्या बाबतीत वरचा स्ट्रोकचा उपाय चालत नाही : हरिकेनच्या आधी जीपला येणाऱ्या गो-डेव्हिल इंजिनाचाही बोअर ७९.४, स्ट्रोक १११.१, सीसी २१९९च. तिथे कव्हरच बघायचं. गो-डेव्हिलचे आठही वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि हेड म्हणजे नुसती सपाट लादी.