सकाळचा पहिला घास

"वजन कमी करायला पोटात बँड बसवून आठ महिने झाले. पहिले पाच महिने वजन उतरलं, आता काटा हलत नाही. नवरा सोडला तर घरात कुणाला माहीत नाही. चारचौघांत जेवायला बसायची धास्ती वाटते, घास कधी अडकेल सांगता येत नाही. एवढा खर्च केला, पोटाला भोकं पाडून घेतली, तरी मी तिथल्या तिथेच. माझ्यातच काही खोट आहे का?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं. उत्तर म्हणून एका बाईंची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2013 च्या पावसाळ्यात त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या. वय 38, पुण्यात सरकारी कचेरीत नोकरी, घरी सासूबाई, नवरा, शाळकरी मुलगा. ऑपरेशनच्या वेळी वजन 112 किलो होतं, ते 94 वर आलं आणि तिथे तीन महिने अडलं. माझ्यासमोर बसल्यावर पहिलं वाक्य त्या बोलल्या ते असं: "मॅडम, मी डॉक्टरांना फसवतेय."

ज्यांना बँड म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं एक कडं बसवतात. कड्याच्या वर दोन-चार चमचे मावतील एवढीच पिशवी उरते. कडं आतून पोकळ असतं आणि एका नळीने पोटाच्या कातडीखालच्या छोट्या डबीला, म्हणजे पोर्टला, जोडलेलं असतं. पोर्टमध्ये सुईने सलाइन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. दुर्बिणीतून असं कडं पहिल्यांदा 1993 मध्ये बेल्जियममध्ये बसवलं गेलं, अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मान्यता मिळाली आणि नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडेही बऱ्याच जणांनी ते करून घेतलं. आता बहुतेक ठिकाणी स्लीव्ह किंवा बायपास ही वजन कमी करण्याची दुसरी ऑपरेशनं करतात, कारण पुढे कडं सरकणं, जठराच्या भिंतीत रुतणं, ते काढावं लागणं, हे प्रकार पुष्कळ झाले. पण बँड घेऊन जगणारी माणसं आजही आहेत, आणि नव्या पेशंटांच्या गर्दीत त्यांच्या अडचणी कुणी विचारत नाही.

तर, फसवणुकीची गोष्ट. या बाई रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाऊन आइस्क्रीम खात. दुपारी कचेरीत चहात बुडवून अर्धा पुडा बिस्किटं. घरी बासुंदी झाली तर वाटीभर. पोळी, भाजी, उसळ मात्र जवळजवळ बंद. "जेवण जात नाही आणि हे जातं," असं म्हणाल्या आणि रडल्या. नवऱ्याने कर्ज काढून पैसे भरले होते, ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

मी माझ्या शिक्षणाप्रमाणे विचार केला. ताण, एकटेपणा, खाण्यातून मिळणारा आधार. त्यांना वही ठेवायला सांगितली: काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं. तीन आठवडे त्या इमानाने लिहीत होत्या. वहीत लाज पानोपानी होती, आइस्क्रीमही होतं, वजन तिथेच. आज ती वही आठवते तेव्हा वाटतं, उत्तर तिच्यातच होतं. सकाळच्या रकान्यात रोज एकच शब्द असायचा, 'चहा'. सकाळी चहाशिवाय काहीच का नाही, हे मी विचारलं नाही.

ते विचारलं आमच्या गटातल्या काकांनी.

वजनाचं ऑपरेशन झालेल्यांचा एक गट महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी भरायचा. दहा-बारा खुर्च्या, पाण्याचा जग, मी कोपऱ्यात. बाई यायला तयार नव्हत्या. कुणी ओळखीचं भेटलं तर, ही त्यांची भीती. मी आग्रह केला नाही. फक्त सांगितलं की दारातल्या खुर्चीवर बसा, बोलू नका, नको वाटलं तर उठून जा. दुसऱ्या शनिवारी त्या आल्या.

काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. साताऱ्याकडचे. बँड बसवून त्यांना चार वर्षं झाली होती. घास अडकला की छातीच्या मधोमध कळ येते, तोंडात फेसाळ लाळ सुटते, आणि ती थुंकत बसावं लागतं. या अवस्थेला त्यांनी नाव दिलं होतं, 'घाटात गाडी अडकली'. नवीन माणसाला ते सांगायचे, "पुढची गाडी निघत नाही तोवर मागनं दुसरी सोडायची नाही. पाणीसुद्धा नाही." डॉक्टरांच्या छापील पत्रकात हेच लिहिलेलं होतं की अडकल्यावर वरून पाणी पिऊ नये, पण लक्षात राहिला तो घाट.

त्या दिवशी बाई काहीच बोलल्या नाहीत. निघताना काकांनी जिन्यापाशी गाठून विचारलं, "ताई, एक विचारू? सकाळचा पहिला घास खाली उतरतो का हो?"

"नाही."

"पाणी?"

"गरम असेल तर."

"आणि रात्री आडवं झाल्यावर खोकला?"

बाईंनी मान हलवली. काका माझ्याकडे वळले. "मॅडम, ताईंचा बँड जास्त टाइट झालाय. मलाबी झाला होता. मीबी तेव्हा कुल्फीवर जगत होतो."

इथे थोडं थांबून यामागचं कारण सांगायला हवं, कारण हेच बहुतेकांना माहीत नसतं. बँडचं काम अन्न अडवणं नाही. चांगला चावलेला घट्ट घास वरच्या पिशवीतून हळूहळू खाली सरकताना त्या भागावर दाब येतो, आणि थोडक्यात पोट भरल्याची जाणीव होते. बँड वाजवीपेक्षा घट्ट झाला की घट्ट घास जातच नाही. मग माणूस, नकळत, जे जातं ते खायला लागतो: आइस्क्रीम, बासुंदी, चहात विरघळलेलं बिस्किट, मिल्कशेक. हे सगळं बँडमधून सरळ वाहून जातं, पोट भरत नाही, आणि उष्मांक मात्र भरपूर. वजन थांबलं म्हणून माणूस डॉक्टरांकडे जाऊन 'अजून थोडं टाइट करा' म्हणतो. बाईंनी तसं दोनदा करून घेतलं होतं. उलट्या होतात हे तिथे सांगितलं नव्हतं, कारण उलटी म्हणजे बँड काम करतोय अशी त्यांची समजूत होती, आणि कारण आइस्क्रीमचं सांगावं लागलं असतं.

सोमवारी त्या सर्जनकडे गेल्या. या वेळी सगळं सांगितलं. बेरियमचं पाणी पाजून एक्स-रे काढला, कडं सरकलेलं नव्हतं. दीड मिली सलाइन काढून घेतलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. कितीतरी आठवड्यांनी त्यांनी अर्धी पोळी आणि मटकीची उसळ खाल्ली होती. खाऊन झाल्यावर भूक नव्हती. रात्री स्वयंपाकघरात जावंसं वाटलं नाही. "म्हणजे मी हावरट नव्हते," असं त्या म्हणाल्या, आणि मग फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

बँड सैल केल्यावर वजन पुन्हा उतरू लागलं. वर्षभरात 86 किलो.

मला हे सांगावंसं वाटतं ते मनाचं काही नसतंच म्हणून नाही. लाज खरी होती, रात्रीचं चोरून खाणंही खरं होतं. पण लाजेमुळे डॉक्टरांपर्यंत खरी माहिती पोचली नाही आणि लाजेपलीकडचं मलाही दिसलं नाही. ज्याच्या छातीत स्वतः घास अडकला होता, त्याला वही वाचावी लागली नाही.

गटाच्या मर्यादाही मी पाहिल्या आहेत आणि त्या लपवणार नाही. आमच्याकडे सुरुवातीला प्रत्येक जण आल्या आल्या किलो सांगायचा. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग, साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त, कापूनच काढतात, त्यामुळे स्लीव्हवाल्यांचं वजन भराभर उतरतं. बँडवाल्याने आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरवलं तरी ते चांगलं काम असतं. पण शेजारच्या खुर्चीवर कुणी तीन महिन्यांत 25 किलो सांगितलं की बँडवाला पुढच्या शनिवारी येत नाही. असे दोन जण आम्ही गमावले. मग नियम केला: गटात किलो सांगायचे नाहीत. दुसरा नियम गोळ्यांचा. एकाने दुसऱ्याला अंगदुखीवरची आपली गोळी दिली होती, आणि जठराचं ऑपरेशन झालेल्यांना त्यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. औषध, सलाइन किती, ऑपरेशन पुन्हा करावं का, हे गटात ठरत नाही. सकाळी उतरतं का, हे मात्र गटातच विचारलं जातं.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, लपवण्याचा. बाईंच्या घरी गौरी-गणपतीला वीस-पंचवीस माणसं जेवायला असत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी आग्रहाने पुरणपोळी वाढली. पहिलाच तुकडा अडकला. बाई न्हाणीघरात गेल्या, नळ सोडून ठेवला आणि वीस मिनिटं आतच बसल्या. बाहेर आल्यावर जावेने कानात विचारलं, "गोड बातमी का गं?" सासूबाई बोलल्या नाहीत, पण रात्री मुलाला म्हणाल्या, "माझ्या हातचं आता तिला जात नाही."

हे वाक्य बाईंना सगळ्यात जास्त लागलं होतं. आपल्याकडे ताटात वाढणं म्हणजे माया. ताट नाकारलं की माणूस नाकारल्यासारखं होतं. लपवायला जावं तर रोज नवी थाप लागते, आणि समोरचा मनाशी जे कारण ठरवतो ते खऱ्यापेक्षा वाईट असतं.

सगळ्या जगाला सांगा असं मी कुणालाच म्हणत नाही. कचेरीत, लग्नात, शेजारी सांगायची काही गरज नाही. तिथे 'पथ्य आहे' एवढे दोन शब्द पुरतात. आपल्या माणसांना पथ्याचा मान ठेवता येतो, 'डाएट' म्हटलं की मात्र आग्रह दुप्पट होतो. पण ज्या घरात रोज जेवायचं तिथे स्वयंपाक करणाऱ्या एका माणसाला तरी खरं माहीत असावं. बाईंनी कुणाला सांगायचं यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. मला वाटलं होतं त्या जावेपासून सुरुवात करतील. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, दुपारी मटार सोलताना.

सासूबाई रागावल्या. पोटाला चांगलं असताना सुरी लावून घेतली, आणि तेही मला न विचारता. आठवडाभर अबोला. नंतर एका सकाळी त्यांनी बाईंसमोर मुगाचं धिरडं ठेवलं, अर्धंच, छोट्या ताटलीत, आणि म्हणाल्या, "हे उतरतं का बघ." उतरलं. तिथून पुढे काय उतरतं आणि काय नाही याची यादी बाईंपेक्षा सासूबाईंच्याच जास्त लक्षात राहिली. तव्यावरची मऊ ताजी पोळी तोंडात गोळा होऊन अडकते, तीच कडक भाजलेली असली तर नीट चावून जाते. गार, मोकळ्या भातापेक्षा चिकट भात त्रास देतो. शेवग्याची शेंग नकोच. उपासाची साबुदाण्याची खिचडी गटात बहुतेकांना अडकली होती, बाईंनाही. पाळीच्या आधीचे दोन दिवस सगळंच जड. प्रत्येकाची यादी वेगळी असते, म्हणून ही उतरवून घेऊ नका, आपली बनवा.

आणखी एक, कारण हे विचारायला लोक संकोचतात. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी पुष्कळांचे केस मुठीने गळतात. वजन झपाट्याने उतरल्यावर असं होतं, बहुतेकांचे केस परत येतात. तोवर प्रथिनं आणि सांगितलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवू नका. आठवडेच्या आठवडे उलट्या होत असतील तर ते अंगावर काढू नका, कारण त्यातून बी1 जीवनसत्त्व कमी पडून पायांना मुंग्या येणं, तोल जाणं इथवर प्रकरण जाऊ शकतं. आणि पाणीसुद्धा उतरत नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

त्या बाईंचा बँड पुढे सहा वर्षांनी सरकला आणि काढावा लागला. दुसरं ऑपरेशन त्यांनी घेतलं नाही. नऊ किलो परत आले. बँड नसतानाही त्या शनिवारी यायच्या, आणि आपल्याला इथे बसायचा हक्क आहे का असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा काकांनी खुर्ची पुढे सरकवली होती.

तुमच्या बाबतीत बँड घट्टच असेल असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण सर्जनची वेळ याच आठवड्यात घ्या. तोवर रोज दोन रकाने लिहा: काय उतरलं, काय परत आलं. सकाळचं आधी लिहा. रात्रीचं आइस्क्रीम खात असाल तर तेही लिहा, किती वाट्या ते लिहा, आणि तो कागद बोलून न दाखवता तसाच डॉक्टरांच्या हातात द्या.