नोकरी सोडण्याआधी पॉलिसी उघडून वाचा

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. मी 34 वर्षांचा, हातात पगार 78 हजार. पत्नीचा 46 हजार (मूळ पगार 24 हजार), नोकरीला चार वर्षं झाली. मुलगी आठ महिन्यांची. पाळणाघर 12 हजार, स्वयंपाकाच्या ताई 5 हजार, पत्नीचं जाणं-येणं 4 हजार. उरतं काय? तिने तीन वर्षं घरी थांबावं का? गृहकर्ज 42 लाख, हप्ता साडेछत्तीस हजार. घरखर्च 35 हजार. मुलीसाठी युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतलंय, माझ्या नावावर, वर्षाला 1.2 लाख, दोन हप्ते भरले. विमासंरक्षण 12 लाख. एजंट 15 टक्के परतावा सांगतो. दुसरा आयुर्विमा नाही. आरोग्यविमा पत्नीच्या कंपनीचा.

उत्तर : उरतात 25 हजार. वर पत्नीचा आणि त्यांच्या कंपनीचा मिळून पीएफ, महिन्याला साडेपाच हजारांच्या पुढे. आणि पाळणाघर आईच्याच पगारातून का वजा होतं? मूल दोघांचं आहे.

त्या घरी थांबल्या तर 78 हजार येणार; हप्ता, घरखर्च आणि युलिपचे महिन्याला 10 हजार मिळून साडेएक्क्याऐंशी जाणार. पहिल्याच महिन्यापासून खड्डा. आरोग्यविमाही गेला. शिवाय दहा-अकरा महिन्यांनी पाच वर्षं भरली की साधारण 69 हजार ग्रॅच्युइटी मिळते, ती कशाला सोडायची?

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर 12 लाख येतील आणि 30 लाखांचं कर्ज उरेल. अशा वेळी घरातला दुसरा पगारही तुम्ही बंद करू पाहताय! मुलीच्या नावाने भावनेला हात घालून विकलेल्या या पॉलिसीत मुलीचं रक्षण फारसं नाही. 15 टक्के विसरा. विमा कंपनीच्या छापील तक्त्यात 4 आणि 8 टक्केच दिसतील, आणि तीही हमी नव्हे.

आधी दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ आयुर्विमा, घ्या. निर्व्यसनी असाल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास. पत्नीचाही घ्या, तोही नोकरी असतानाच. स्वतःचं उत्पन्न नसेल तर कंपन्या हात आखडता घेतात. तुमची टर्म पॉलिसी हातात आल्यावरच युलिपचा तिसरा हप्ता थांबवा. चार-पाच हजारांच्या आत कापले जातील, बाकी रक्कम पाच वर्षं पुरी होईपर्यंत अडकून राहील. राहू द्या.

पाळणाघरात गाडं अडतं ते फीपेक्षा तापाच्या दिवशी. तापलेलं मूल ते घेत नाहीत, आणि रजा दर वेळी आईचीच जाते. सकाळी सोडणं एकाचं, संध्याकाळी आणणं दुसऱ्याचं; तापाची रजा आळीपाळीने. दोघांनीही सहा-सहा रजा त्यासाठी राखून ठेवा. पत्नीच्या कार्यालयात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीला बंधनकारक आहे. एचआरला लेखी विचारा.

तरीही त्यांना स्वतःला घरी थांबायचं असेल तर ग्रॅच्युइटीनंतर, कुटुंबाचा वेगळा आरोग्यविमा घेऊन आणि पाच लाख बाजूला ठेवून. पीएफचे ते साडेपाच हजार मग दरमहा तुमच्या पगारातून त्यांच्या पीपीएफमध्ये जायला हवेत. तीन वर्षांनी याच पगारावर परत घेतील, हे गृहीत धरू नका.