बागेतल्या पार्टीला वाइन : द्राक्ष एकच ठेवा, गाव बदला

ताई, तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत नाशिकला गंगापूर रोडच्या घरी बागेत 15 जण जमणारेत, बरेचसे पुण्या-मुंबईचे, आणि वाइन अशी हवीये की जिथली आहे तिथली चव कळली पाहिजे, तर फ्रान्स, इटली, चिली अशी एकेक घेऊ का. माझं स्पष्ट मत, नका घेऊ. मी एकदा सहा देशांच्या सहा बाटल्या मांडल्या होत्या, तासाभराने कुणालाच आठवेना कुठली कशी लागली, कारण द्राक्ष वेगळं, देश वेगळा, काढणीचं साल वेगळं, मग फरक मातीचा की द्राक्षाचा हे जिभेला समजणार कसं. द्राक्ष एकच ठेवा आणि फक्त गाव बदला, मग बघा.

त्यासाठी शेनिन ब्लां या व्हाइट वाइनच्या द्राक्षासारखं दुसरं नाही. हे मूळचं फ्रान्समधल्या लुआर नदीकाठचं, तिथल्या वूव्हरे भागात चुनखडीच्या जमिनीत वाढतं आणि काढणी त्यांच्या शरद ऋतूत, थंडी पडायला लागते तेव्हा. आपल्याकडे उलटं. आपण वर्षात दोनदा छाटणी घेतो, एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल तयार होतो जानेवारी ते मार्च, म्हणजे थंडी संपून ऊन चढत असताना. त्यामुळे तिकडची शेनिन हिरव्या सफरचंदासारखी, आंबट-ताठ, थोडा मध, आणि आपली पिकलेल्या पेरूच्या वासाची, अननसाकडे झुकलेली. पहिल्यांदा दोन्ही ग्लास शेजारी ठेवून वास घेतला ना तेव्हा मला खरंच पेरूची फोड आठवली, तीही मीठ लावलेली. वूव्हरे घ्याल तर लेबलवर ‘सेक’ (म्हणजे ड्राय, गोड नसलेली) लिहिलंय का बघा, नाहीतर गोड निघू शकते. ती मिळाली नाही तर दक्षिण आफ्रिकेची शेनिन घ्या, तिथे तिला पूर्वीपासून स्टीन म्हणतात. परदेशी एकच बाटली पुरे, ती फक्त तुलनेला, बाकी सगळं नाशिकचं.

आणि नाशिक म्हणजे तरी एकच चव कुठे आहे. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, निफाडला त्याच्या पाव भागही नाही, आणि थंडीत निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात येतं हे तुम्हाला माहितीच आहे. दिवसा ऊन आणि रात्री अशी थंडी असली की द्राक्षातला आंबटपणा टिकतो, नाहीतर शुगर चढते आणि वाइन बुळचट लागते. म्हणून रेडमध्येही द्राक्ष एकच, शिराझ, पण घेताना दोन बाजूंच्या घ्या, एक दिंडोरीकडची आणि एक इगतपुरीकडची, शक्यतो एकाच सालाची. बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा, द्राक्ष कुठलं आणि साल कुठलं ते बघा, समोर नुसतं मोठं नाव असून काही कळत नाही. व्हाइट मात्र ताजीच घ्या, दोन वर्षांपेक्षा जुनी नको.

हिशोब असा, 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 5 ग्लास बसतात, माणशी अडीच ग्लास धरले तरी 8 बाटल्या. 4 शेनिन (एक परदेशी धरून), 3 शिराझ, आणि आल्या आल्या हातात द्यायला 1 स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन), सगळ्यांना थोडी थोडी. स्पार्कलिंग बनवणाऱ्या शॅन्डनची वायनरी दिंडोरी तालुक्यातच आहे, ती चालेल.

खायला तिखट असेल तर शिराझ पुढे करू नका, तिच्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल मिरचीला अजून भडकवतात. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, भजी यांच्याबरोबर शेनिनच, शिराझ मटणाबरोबर आणि तेही रस्सा झणझणीत नसेल तर. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं तापमान हो, आपल्या फेब्रुवारीच्या दुपारी बाटली 30 अंशांवर जाते आणि नुसती दारू लागते. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच. व्हाइटसाठी घमेल्यात बर्फ, पाणी आणि दोन मुठी खडे मीठ, वीस मिनिटांत गार. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी पाहिजेच, त्यानेच बाटलीला सगळीकडून गारवा लागतो.

अजून एक, हे नक्की करा. त्या वेळी काढणी चालू असेल, ओळखीच्या बागायतदाराकडून शेनिनचे दोन घड मागून आणा. खायच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाला 16 ते 18 ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) शुगर आली की आपण खूश, वाइनचं द्राक्ष 22 च्या आसपास नेतात, मणी बारीक, साल जाड, आत बिया. पाहुण्यांना एक मणी सालीसकट चावायला सांगा, बी तपकिरी झालेली असेल तर ती कुरकुरीत लागते, भाजलेल्या दाण्यासारखी. तो मणी तोंडात असतानाच त्याच द्राक्षाच्या वाइनचा घोट घ्यायला सांगा.