डच युद्धवधूचा शोध: बोटीच्या याद्या नंतर, लग्नाची नोंद आधी

तुमच्या जावयाची आजी 1946 मध्ये कॅनेडियन सैनिकाची बायको म्हणून नेदरलँड्सहून हॅलिफॅक्सला उतरली, पण कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रवासी याद्यांत तिचं नाव नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिथे ते मिळणारच नाही. 1935 नंतरच्या याद्या अजून कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडेच आहेत. त्यासाठी आपल्या माहिती अधिकारासारखा अर्ज करावा लागतो. सोबत आजींची संमती, किंवा त्यांच्या निधनाला 20 वर्षं झाल्याचा पुरावा लागतो. मुलगी-जावई कॅनडात असतील तर अर्ज त्यांनीच करावा.

अर्जाआधी लग्नाची नोंद शोधा. नेदरलँड्समध्ये नगरपालिकेतलं लग्न आधी, चर्चमधलं नंतर, असा कायदाच आहे. म्हणून चर्चच्या वह्यांत वेळ घालवू नका. विवाहनोंदी 75 वर्षांनी खुल्या होतात, म्हणजे 1945-46 च्या आता पाहता येतात. 'ओपन आर्काइव्ह्ज' या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नोंदीत दोघांची वयं, जन्मगावं आणि आईवडिलांची नावं असतात, म्हणजे एका कागदात आधीची पिढी हाती लागते.

खरी अडचण नावाची असते. लग्नाची नोंद शोधताना माहेरचं नाव घाला. घरी 'कॉरी' म्हणत असतील तर कागदावर बहुधा 'कॉर्नेलिया' असेल. 'व्हान डेर' वगैरे आडनावाआधीचे शब्द डच सूचीत मोजत नाहीत, मूळ आडनावाच्या अक्षराखाली पाहायचं. कॅनडात तेच नाव 'व्ही'खाली जातं. डच नावातली 'आय-जे' (ij) ही अक्षरजोडी तिकडे गेल्यावर 'वाय' (y) होते.

प्रवासी याद्यांत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'डच' टाकून शोधत असाल तर तेही काढून टाका. तेव्हाच्या डच कायद्याप्रमाणे बायकोचं राष्ट्रीयत्व नवऱ्यामागे जायचं, आणि कॅनेडियन सैनिक तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होता (कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा 1 जानेवारी 1947 चा). कित्येक डच वधू कागदावर ब्रिटिश दिसतात त्या यामुळे. बऱ्याच जणी आधी इंग्लंडला आल्या आणि तिथून बोटीत बसल्या, म्हणून ब्रिटनमधून निघालेल्यांच्या याद्याही सासरच्या नावाने चाळा.

लग्नाची नोंद नेदरलँड्समध्ये नाहीच मिळाली, तर आजी वाग्दत्त वधू म्हणून गेल्या असतील. सरकारी खर्चाचा प्रवास फक्त बायका-मुलांना होता. वाग्दत्त मुलीला तिकीट स्वतः काढावं लागे आणि लग्न कॅनडात होई, तेव्हा मग त्या प्रांताच्या विवाहनोंदी पाहा.

आजोबांची सैनिकी फाइलही मागवा. लग्नाला कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागायची आणि तो कागद पुष्कळदा फाइलमध्ये असतो. हॅलिफॅक्सच्या पिअर 21 या स्थलांतर-संग्रहालयाचं कुटुंब-इतिहास केंद्रही बोटींबद्दल मदत करतं. पण तिथे लिहिताना आजींचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं आणि लग्नाची तारीख द्या. नुसत्या 'डच युद्धवधू, 1946' एवढ्यावर शोध लागणं कठीण, कारण एकट्या नेदरलँड्समधून अशा 1,886 बायका होत्या.