क्लोरीनच्या टॅबलेट टाकूनही पोहण्याचा पूल हिरवा होतो त्याबद्दल

भाऊ, तुम्ही लिहिलंय की रावेरकडे केळीच्या मळ्यात ५०,००० लिटरचा पूल आहे, फेब्रुवारीपासून रोज १०० ग्रॅम टीसीसीए (क्लोरीनच्या टॅबलेट) टाकताय, तरी मे मध्ये पाणी हिरवंगार. क्लोरीन कमी पडत नाहीये हो, टॅबलेटच जास्त झाल्यात.

टीसीसीएमध्ये क्लोरीनसोबत सायन्युरिक अ‍ॅसिड येतं, त्यालाच दुकानदार स्टॅबिलायझर म्हणतात. आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात ते थोडं लागतंच, नाहीतर सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे पाण्यात तसंच राहतं, १०० ग्रॅममागे साधारण ५५ ग्रॅम, म्हणजे ९० दिवसांत तुमच्या पुलात जवळपास १०० पीपीएम (लिटरमागे १०० मिलिग्रॅम)! हवं ३० ते ५०. एवढं साचलं की क्लोरीन त्याच्यातच अडकून बसतं, पाणी तपासायचं किट क्लोरीन २ पीपीएम दाखवतं आणि शेवाळ मजेत वाढतं.

याला औषध नाही, अर्धं पाणी काढा आणि केळीला सोडायच्या आधी दोन-चार दिवस क्लोरीन उतरू द्या. बोअरचं नवीन पाणी भरलं की पीएच (पाणी किती आंबट-खारट ते) बघा, आपल्याकडे तो बहुतेक ८ च्या आसपास निघतो आणि तिथे क्लोरीनची ताकद पावभरच उरते, म्हणून आधी ७.२-७.४ वर आणा. मग सूर्य मावळल्यावर ६५ टक्केवालं कॅल्शियम हायपो (कॅल्शियम हायपोक्लोराइट, क्लोरीनची पावडर) दीड किलो, बादलीत आधी पाणी मग पावडर, उलटं नाही, थोडं थोडं विरघळवून टाका, भिंती घासा, पंप रात्रभर चालू. क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली येईपर्यंत पोरांना उतरू देऊ नका.

पुढे रोजच्याला लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) बरं, कारण बोअरचं पाणी आधीच जड, त्यात रोज कॅल्शियम गेलं तर टाईल्सवर पांढरा थर धरतो. फक्त लिक्विडचे कॅन एकदम दहा घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात महिनाभरात निम्मा दम जातो.

कोणीतरी मोरचूद (कॉपर सल्फेट) सुचवलंय, त्याने शेवाळ मरतं पण जंतूंसाठी त्याचा भरवसा नाही, वरून भिंतीला निळे-हिरवे डाग.

आणि उरलेल्या टॅबलेट हायपोच्या डब्याजवळसुद्धा नको. माझ्या भाच्याने एकदा टॅबलेटचा ओला मग हायपोच्या डब्यात घातला, फस्सकन धूर निघाला, डबा लाथेने बाहेर ढकलला म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे दोन मग आहेत, एक लाल एक निळा.