पाऊस कसा राहील? खटावच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न (खटाव तालुका): "साहेब, दरवर्षी अंदाज ऐकून पेरतो आणि फसतो. मोबाईलवर रोज नवा व्हिडिओ, एक म्हणतो धो-धो, दुसरा म्हणतो दांडी मारणार. दोन एकर काळी आहे, चार एकर माळाची हलकी. विहिरीला आता परसभर, म्हणजे माणूसभर खोल पाणी आहे. यंदा पाऊस नक्की कसा ते सांगा, म्हणजे सोयाबीनचं बियाणं-खत एकदम आणून टाकतो. थोडा बटाटाही करायचा मनात आहे."

उत्तर: दादा, पाऊस नक्की कसा राहील हे मी सांगणार नाही. तुम्हाला टाळत नाही. ते उत्तर हातात आलं तरी तुमच्या सहा एकरांचा प्रश्न सुटत नाही, म्हणून. २०२३ साल आठवा. हवामान विभागानं देशासाठी सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ९४ टक्के. अंदाज जवळजवळ बरोबर आला की! पण जुलैत सरासरीपेक्षा जास्त पडला आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट आली. १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ऐन फुलात-शेंगेत सोयाबीन असताना पाणी तुटलं, तर वर्षाची बेरीज जुळून आपल्याला काय उपयोग? पुढं २०२५ ला उलटंच. मान्सून २४ मे रोजी केरळात पोचला, आपल्याकडं मे महिन्यातच रानं चिबडली आणि वाफसा, म्हणजे मशागत-पेरणीजोगी ओल, नसल्यानं कित्येकांची पूर्वमशागत राहून गेली. आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि खटाव-माणला पाचशेच्या आसपास. देशाच्या आकड्यावर तुमचा माळ पेरायचा कसा?

म्हणून प्रश्न फिरवून विचारा. पाऊस लांबला तर मी कुठल्या तारखेला काय करणार? उगवून आल्यावर पंधरा दिवस उघडीप पडली तर काय? याची उत्तरं आज, डोकं शांत असताना ठरवता येतात.

वडूजच्या बाजूला एका मावशींच्या घरी हे मी डोळ्यांनी पाहिलं. दाराच्या मागं खडूनं तीन ओळी लिहिलेल्या: "तरणा सरेपर्यंत सोयाबीन. मग बाजरी. बाजरी नाही जमली तर हुलगा." खाली कणगीशेजारी बाजरीची पिशवी आणि हुलग्याचं गाठोडं, दोन्ही आधीच आणून ठेवलेलं. तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस. त्या वर्षी पेरणीजोगा पाऊस म्हाताऱ्यात, म्हणजे पुष्यात आला. वाफसा आला त्याच दिवशी मावशींनी बाजरी पेरली. शेजारचे दुकानात बियाण्याच्या रांगेत उभे होते, त्यांची चार दिवसांची ओल उडून गेली. हलक्या रानात चार दिवस म्हणजे पीकच.

तुमच्यासाठी माझं मत असं. चारही एकर माळ सोयाबीनखाली घालू नका. सोयाबीन काळ्या दोन एकरांत, तेही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. खुरप्यानं उकरून बघा, वीतभर खोल ओल लागली पाहिजे. पहिल्या सरीवर शेजाऱ्यानं पेरलं म्हणून तुम्ही तिफण जुंपू नका. १५ जुलैनंतर मात्र सोयाबीनचा नाद सोडा. माळावर बाजरी आणि तूर, दोनास एक ओळ. बाजरी ३० जुलैपर्यंत चालते, एकरी दीड किलो बियाणं लागतं, तेव्हा ते आधी आणून ठेवायला पैसा फारसा अडकत नाही. त्याच्याही पुढं गेलं तर हुलगा किंवा नुसती तूर. आणि एक एकर मोकळं ठेवून रब्बी ज्वारीसाठी राखलं तर त्यात कमीपणा मानू नका. हस्त नक्षत्राच्या पावसाच्या ओलीवरची ज्वारी आपल्याकडं वैरणीसह घर सावरते.

उघडीप पडली तर पहिलं काम कोळपणीचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवायचं. एक कोळपणी अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात ते खरं आहे. भेगा बुजतात, ओल आत राहते. सोयाबीन फुलात असताना ताण बसला तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम १३:०:४५ हे विद्राव्य खत फवारा आणि विहिरीचं एक पाणी तेव्हासाठी जपून ठेवा. बाजरीचा युरिया पेरताना सगळा टाकू नका, निम्मा हातात ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी ओल बघून द्या.

अंदाज ऐकायचाच नाही, असं नाही. चार-पाच दिवसांचा अंदाज फवारणी, कोळपणी, काढणी ठरवायला चांगला उपयोगी पडतो. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो बघा.

बटाट्याचं स्पष्ट सांगतो. पुसेगाव भागात खरिपाचा बटाटा होतो, पण बेण्याचा खर्च मोठा. परसभर पाण्यावर अर्ध्या एकराच्या वर जाऊ नका. उसने पैसे काढून तर मुळीच नको.

घरचं सोयाबीन बियाणं असेल तर आज संध्याकाळीच पोतं ओलं करा. दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त भरले तर एकरी ३० किलो पुरेल. कमी भरले तर आकडा घेऊन माझ्याकडं या, किती वाढवायचं ते बसून ठरवू. तोवर दुकानातून सोयाबीनचं बियाणं आणू नका.