प्रॉक फोल्डर डिलीट करू नकोस रे
अरे थांब, लिनक्सची डिस्क भरली म्हणून प्रॉक (/proc) आणि सिस (/sys) हे फोल्डर उडवायच्या नादी लागू नको, ते डिस्कवर नाहीतच मुळी, तू उघडलंस की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागच्या जागी तयार करून दाखवतो, त्यामुळे उडवून एक केबी पण मोकळी होणार नाही. प्रॉकमधली केकोअर (kcore, मेमरी दाखवणारी फाईल) तर ६४ बिट मशीनवर चक्क १२८ टीबीची दिसते, मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझीच टरकली होती, डिस्क ५०० जीबीची आणि फाईल एवढी?? आधी डीएफ (df) कमांड चालवून बघ, खरं किती भरलंय ते तिथे कळतं, मग कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणाऱ्या डीयू (du) कमांडला एक्स (-x) ऑप्शन लाव म्हणजे तो एकाच फाईलसिस्टिममध्ये राहतो, प्रॉक-सिससारख्या भुताटकीत शिरत नाही. खरा कचरा बहुतेक वेळा व्हार (/var) फोल्डरमधल्या लॉग-कॅशमध्ये नाहीतर तुझ्याच डाउनलोड्समध्ये असतो.